फेथफुली, सिन्सिअरली की नुसतं रिगार्ड्स?

इंग्रजी पत्राच्या शेवटी काय लिहायचं, हे पत्राच्या पहिल्या ओळीवरून ठरतं. निदान ब्रिटिश पद्धतीत तरी, आणि आपल्या शाळांनी शिकवली ती हीच. नाव न घेता ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ म्हटलं की शेवटी ‘युअर्स फेथफुली’. ‘डिअर मिस्टर कुलकर्णी’ असं नावानिशी लिहिलं की ‘युअर्स सिन्सिअरली’. इंग्रज मुलांना ‘सर’ आणि ‘सिन्सिअरली’ हे दोन ‘एस’ शेजारी बसवायचे नाहीत, असं शिकवतात. लक्षात ठेवायला पुरेसं आहे.

आपल्याकडे सगळ्याच अर्जांखाली सरसकट ‘फेथफुली’ येतं, कारण मनात ‘आपला विश्वासू’ घट्ट बसलेलं असतं. बँक, महापालिका, विद्यापीठाचं कार्यालय अशा बिनचेहऱ्याच्या ठिकाणी ते बरोबरच आहे. पण नोकरीच्या जाहिरातीत अधिकाऱ्याचं नाव छापलेलं असेल, तर मी बेलाशक नाव घालून ‘सिन्सिअरली’ लिहीन. ‘डिअर’ म्हणजे ‘प्रिय’, मग साहेबांना प्रिय कसं म्हणायचं, म्हणून अनेक जण ‘रिस्पेक्टेड सर’कडे वळतात. भारतात ते खपतं, पण लंडनला किंवा न्यूयॉर्कला पाठवायच्या पत्रात अवघडलेलं दिसतं. तिथे ‘डिअर’ म्हणजे फक्त रीत, त्यात माया शोधू नये.

सरकारी कामकाजात हा भेद अजून जिवंत आहे. केंद्र सरकारच्या नेहमीच्या पत्राखाली ‘युअर्स फेथफुली’ असतं. एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावाने लिहिलेल्या अर्धशासकीय पत्राखाली मात्र ‘युअर्स सिन्सिअरली’. कार्यालयीन ज्ञापनाखाली, म्हणजे ‘ऑफिस मेमोरँडम’खाली, दोन्ही नसतात, नुसती सही आणि हुद्दा.

अमेरिकेला लिहायचं असेल तर हा हिशेब विसरा. तिथे ‘फेथफुली’ जवळजवळ कोणी लिहीत नाही. नाव माहीत असो-नसो, ‘सिन्सिअरली’ किंवा ‘सिन्सिअरली युअर्स’ चालतं. त्यामुळे अर्ज नेमका कुठे जाणार हेच ठाऊक नसेल, तर नाव शोधून काढून ‘सिन्सिअरली’ लिहिणं सर्वांत सुरक्षित.

ईमेलचं प्रकरण सोपं. ‘काइंड रिगार्ड्स’ किंवा ‘बेस्ट रिगार्ड्स’ सगळीकडे चालतं. नुसतं ‘रिगार्ड्स’ थोडं कोरडं वाटतं, पण रोजच्या कामात त्याने कोणी रुसत नाही. मधली अक्षरं गाळून ‘आरजीडीएस’ एवढंच लिहिणं मात्र मला आळशीपणाचं वाटतं. ईमेलला जोडलेलं औपचारिक पत्र असेल, तर त्या पत्राला पत्राचाच नियम लावावा.

लिहिताना घसरायच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘युअर्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी कधीच नाही. कॅपिटल अक्षर फक्त पहिल्या शब्दाला. ‘फेथफुली’चा ‘एफ’ लहान आणि शेवटी ‘एल’ दोन. ‘सिन्सिअरली’त ‘आर’नंतरचा ‘ई’ हमखास गळतो.

आता ‘थँकिंग यू’. आपल्या अर्जांत ते स्वतंत्र ओळीत, पूर्णविराम देऊन येतं, पण ते पूर्ण वाक्य नाही. जुनी रीत होती, ‘थँकिंग यू, आय रिमेन, युअर्स फेथफुली’. म्हणजे आभार, ‘मी आहे’ आणि ‘आपला विश्वासू’ हे सगळं सहीपर्यंत वाहणारं एकच वाक्य. गांधीजींनी दांडीयात्रेआधी, 2 मार्च 1930 रोजी व्हाइसरॉय आयर्विनना लिहिलेलं पत्र ‘डिअर फ्रेंड’ने सुरू होतं आणि ‘आय रिमेन, युअर सिन्सिअर फ्रेंड’ असं संपतं. पुढे मधलं ‘आय रिमेन’ गळालं आणि ‘थँकिंग यू’ अर्धवट लोंबकळत राहिलं. त्याऐवजी ‘थँक यू फॉर युअर टाइम’ असं सरळ वाक्य लिहावं आणि खाली नवीन ओळीवर ‘फेथफुली’ किंवा ‘सिन्सिअरली’.