पुणे-मुंबई म्हणे ३९ मिनिटं! विमान-अंतर सांगणाऱ्या अ‍ॅपचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

वर्गणी संपत आली, पुन्हा २९९ रुपये भरा असा मेसेज आलाय, म्हणून लिहायला बसलो. दोन शहरं टाकायची, अंतर आणि उड्डाणाचा वेळ बघायचा. अ‍ॅप तुम्हाला माहीत असेलच.

अंतराबद्दल तक्रार नाही. मुंबई-लंडन साधारण ७,२०० किमी दाखवतं, ते बरोबर आहे. सागरी मैलांतही दाखवतं. चिंचवडमध्ये मला सागरी मैल कशाला हवेत, पण असो.

डोकं फिरतं ते वेळेपाशी. मुंबई-लंडन ८ तास ५८ मिनिटं. लंडन-मुंबई? तेही ८ तास ५८ मिनिटं! मिनिटापर्यंत सांगितलं की वाटतं, यांचा काही अभ्यास असेल. कागदावर मांडून पाहिलं: अंतराला ताशी ८५० किमीनं भागायचं, वर अर्धा तास टाकायचा. झाला अभ्यास. याच हिशोबानं पुणे-मुंबई ३९ मिनिटं येतं. खंडाळ्याच्या घाटात ट्रकमागे अडकलेलं असताना हे वाचून बघा.

प्रत्यक्षात जाताना दहा तास धरा, येताना नऊ. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वाऱ्याचा झोत, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात तर ताशी २०० किमीच्याही वर. येताना तो पाठीशी असतो, जाताना छातीवर. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. हीथ्रोला उतरायचा नंबर लागेपर्यंत घातलेल्या घिरट्याही त्यात धरलेल्या असतात. यातलं काहीच अ‍ॅपच्या गावी नाही. चिरंजीव अ‍ॅपच्या भरवशावर आईला घ्यायला तासभर आधी पोचले आणि पार्किंगला पौंड मोजत बसले. पौंडांचे रुपये करू नयेत म्हणतात, मी केले. ग्राहक सेवेला मेल टाकली तर उत्तर आलं, ‘दाखवलेला वेळ अंदाजे आहे.’ मग ५८ मिनिटं कशाला? ‘नऊएक तास’ लिहा की!

इथवर एकच तारा देणार होतो. पण ही तिकडे असताना अ‍ॅपमधला नकाशा उघडायचा नाद लागला. दोन शहरांमधल्या सगळ्यात जवळच्या वाटेची रेघ त्यावर असते, पृथ्वीच्या गोलाईमुळे वर वाकलेली. मुंबईहून निघून बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन. आता बघा: युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना बंदी घातली. त्याच वर्षी जूनमध्ये इराणचीही हद्द काही दिवस बंद होती. जगातली भांडणं नेमकी आमच्याच रेघेवर येऊन बसलीत! म्हणजे ७,२०० चा आकडा खरा, पण त्या वाटेनं विमान जातंच कुठे? वळसा किती पडतो तेवढं अ‍ॅपनं सांगितलं असतं, तर २९९ काय, ४९९ दिले असते. (बहुतेक.)

आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. मार्चअखेर लंडनचं घड्याळ तासभर पुढे सरकतं आणि साडेपाच तासांचा फरक साडेचारवर येतो, ते यानं न सांगता बदललं. नाहीतर आमच्याकडे दर वर्षी फोन कधी करायचा यावरून वाद.

तर तीन तारे. वर्गणी मात्र भरणार नाही. नकाशा आणि घड्याळ फुकटच्या आवृत्तीतही आहेत, फक्त मध्येमध्ये जाहिराती लागतात. उतरण्याची वेळ मी आता तिकिटाचा फोटो काढूनच पाठवतो.