जुन्या शेतीचे फोटो आणि पुसला गेलेला सोंदूर

मोहोळ तालुक्यातील आमच्या माळवदाच्या घरात, ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले ११ कृष्णधवल फोटो सापडले आणि ते स्कॅनिंग व दुरुस्तीसाठी मी सोलापुरातील या स्टुडिओत दिले. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. हे सारे फोटो त्याच्या आधीचे, उसाने रान व्यापण्यापूर्वीच्या ज्वारीच्या गावाचे आहेत. विहिरीवरची मोट (बैलांनी ओढून पाणी उपसायची मोठी पिशवी), खळ्यात तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, फिरणारी मळणीच्या बैलांची पात, कडब्याची बुचाडे म्हणजे रचलेले ढीग, खिलार जोडीशेजारी पटका बांधून ताठ उभे राहिलेले आजोबा आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेल्या बायका. निगेटिव्ह एकाचीही नाही, त्यामुळे ते कोणाच्या हाती द्यावेत याची मला काळजी होती.

आधी दुसऱ्या एका दुकानात ‘लॅमिनेशन करून टाका’ असा सल्ला मिळाला होता. उष्णता देऊन चिकटवलेले ते प्लास्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही, हे या स्टुडिओतील काकांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितले. आजोबांचा फोटो ओल लागून फ्रेमच्या काचेला चिकटला होता. तो सोलून काढण्याचा प्रयत्नही न करता त्यांनी दोन्ही बाजूंनी दिवे लावून काचेवरूनच त्याची प्रत घेतली. बाकीचे फोटो पोस्टकार्डाएवढे लहान असल्याने १२०० डीपीआयवर स्कॅन केले. मी सांगितले नव्हते, तरी प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन केली. तीन फोटोंमागे आजोबांनी मोडीत लिहिलेल्या ओळी आहेत, त्या मला घरी आल्यावर दिसल्या.

मोटेच्या फोटोत मात्र चूक झाली. मोटेला दोर दोन असतात. जाड नाडा वरच्या चाकावरून जातो आणि मोटेचे तोंड उचलतो. बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून, म्हणजे आडव्या फिरत्या रुळावरून, येतो आणि सोंड, म्हणजे मोटेची खालची निमुळती नळी, दुमडून धरतो. मोट वर आली की हाच सोंदूर सोंडेला पुढे थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या हौदात, ओढतो आणि पाणी पडते. छापील फोटोत तो केसाएवढ्या रेघेसारखा दिसतो. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने तो ओरखडा समजून पुसला. फोटो देखणा झाला होता, पण त्या मोटेतून पाण्याचा थेंब थारोळ्यात पडला नसता. मी ते दाखवल्यावर काकांनी वाद न घालता मूळ स्कॅन पुन्हा उघडले, त्या मुलाला शेजारी बसवून माझ्याकडून दोन्ही दोर समजून घेतले आणि चार दिवसांत नवी प्रत दिली, त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत.

दुष्काळाच्या फोटोचे काम मला सर्वांत आवडले. बायकांच्या हातांवरची दगडाची पांढरी धूळ आणि मागे झाडाला बांधलेली बाळाची झोळी मूळ फोटोत डागांखाली हरवली होती. आता दोन्ही स्पष्ट दिसतात, आणि चेहऱ्यांना कोठेही गुळगुळीतपणा आणलेला नाही. रंग भरून देण्याची सोयही येथे आहे, पण ती मी घेतली नाही. आजोबांचा पटका लाल होता की गुलाबी हे सांगणारे माणूस आता घरात उरलेले नाही, आणि संगणकाने भरलेला रंग माझी नातवंडे खरा धरून चालतील.

एका फोटोचे ३०० रुपये पडले. १२ दिवसांचा वायदा २० दिवसांवर गेला, ते आधी फोन करून कळवायला हवे होते. फोटो देताना प्रत्येकात काय काय आहे ते कागदावर लिहून द्यावे. वेसण, कासरा, सोंदूर यांसारख्या बारीक वस्तू तर आवर्जून लिहाव्यात. चुलत्यांकडचे उरलेले फोटो मी दिवाळीनंतर येथेच देणार आहे, आणि त्या वेळी स्वतः मोट हाकलेल्या त्या चुलत्यांनाच सोबत घेऊन जाणार आहे.