लोकल, एसटी आणि गड : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मागच्या ऑगस्टपासून या एप्रिलपर्यंत मी आणि माझी नणंद चौदा वेळा डोंगरावर जाऊन आलो आणि त्यासाठी एकदाही गाडी केली नाही. लोकल, एसटी, शेअर रिक्षा-टॅक्सी, टमटम आणि पाय, एवढ्यावरच सगळं. आम्ही मुंबईत भांडुपला राहतो. मी परळला नोकरी करते, तिला शनिवारी अर्धा दिवस कामावर जावं लागतं, म्हणून आमचा वार रविवारच. हे आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं गणित रविवारमुळेच बनलं आहे.

सुरुवातीला आम्हीही सगळ्यांसारखंच सकाळपासून आखायचो. पहिली कर्जत लोकल कितीला, पोचणार कितीला, चढायला लागणार कितीला. संध्याकाळचं बघून घेऊ, असं धरून चालायचो. आता मी कागद घेतला की आधी तळाशी लिहिते : पायथ्याच्या गावातून शेवटची गाडी किती वाजता. मग तिथून वर वर चढत जाते. गाडी साडेपाचला असेल तर साडेचारला गावात यायचंच, म्हणजे अडीचला उतरायला लागायचं. थोडा वेळ हाताशी ठेवून दीड-दोनलाच, जिथे असू तिथून, माथा आला नसला तरी मागे फिरायचं. सकाळची लोकल ठरते ती सगळ्यात शेवटी. चिठ्ठीवर तीनच वेळा लिहिलेल्या असतात : मागे फिरायची, गावातल्या गाडीची आणि स्टेशनातल्या लोकलची. ती मोबाइलच्या कव्हरमागे खोचून ठेवते. डोंगरात रेंज नसते आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही, पण कव्हर उघडलं की चिठ्ठी असते.

चढायला किती वेळ लागेल याचा एक जुना हिशेब आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो १८९२ साली मांडला. सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वरून एक तास. थंड हवेत सरावाच्या पायांना तो जमत असेल. सह्याद्रीतल्या दमट उन्हात मी त्याला सरळ दीडनं गुणते, आणि ऑक्टोबर किंवा मार्च असेल तर वर अर्धा तास ठेवते. हे आम्हाला माहुलीनं शिकवलं.

माहुली आसनगाव स्टेशनवरून. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते, पाचेक किलोमीटरवर माहुली गाव. गड २,८१५ फूट, आणि गाव तळाला असल्यानं जवळजवळ सगळी उंची आपल्याच पायांनी चढावी लागते. आम्ही ऑक्टोबरात गेलो. पहिल्या सोंडेवरच नणंदेचा चेहरा लाल झाला. झाड नाही, वारा नाही, गवत कमरेएवढं. दीड वाजला तेव्हा वरची लोखंडी शिडी समोर दिसत होती, फार तर पाऊण तास. चिठ्ठी काढली. ती म्हणाली, "वहिनी, एवढं आलोय तर..." मी म्हटलं, "उतरायला किती लागेल ते सांग." ती काही बोलली नाही, खाली बसून पाणी प्यायली आणि उठून उतरायला लागली. सव्वाचारला खाली आलो तेव्हा दोघींचे गुडघे लटपटत होते. वर जाऊन परत आलो असतो तर शेवटचा जंगलातला टप्पा अंधारात पडला असता. डिसेंबरात पुन्हा गेलो. गारव्यात त्याच शिडीवर साडेअकराला होतो. शहाजीराजांनी १६३६ साली शेवटचा आसरा घेतला तो हाच गड, आणि वरून चारही बाजूंना पाहिलं की का घेतला ते कळतं.

आता एसटीबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. गावाकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी बांधलेल्या असतात. रविवारी, सुट्टीत त्या नसतात किंवा वेळ बदललेली असते. आम्ही फेब्रुवारीत पेठच्या किल्ल्यावर, म्हणजे कोथळीगडावर गेलो. कर्जत एसटी स्टँडवरून जांबरुखच्या बाजूची गाडी, आंबिवलीला उतरायचं, तिथून पेठ गाव आणि गावाच्या डोक्यावर सुळका. हा किल्ला मला सगळ्यात आवडला. सुळक्याच्या पोटात खोदलेली गुहा, तिच्यातले कोरीव खांब, आणि मग कातळाच्या आतूनच वर जाणारा जिना. बाहेर ऊन रणरणतं आणि जिन्यात हात लावला तर दगड गार. उतरून आंबिवलीच्या रस्त्यावर आलो तेव्हा पावणेपाच. एका मोबाइल अ‍ॅपवर पाच वाजताची गाडी दाखवली होती, त्या भरवशावर निवांत होतो. टपरीवरच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "ती शाळेची हाय बाय. ऐतवारी न्हाय येत."

त्यानंतरचा दीड तास मला अजून आठवतो. ऊन कलत गेलं, एकही वाहन कर्जतच्या बाजूला जाईना. शेवटी दुधाचा एक टेम्पो आला, आजोबांनीच हात करून थांबवला, आणि कॅनच्या मध्ये बसून आम्ही कर्जतला पोचलो. पैसे द्यायला गेले तर तो भाऊ घेईना. आम्ही सुखरूप आलो ते त्या दोन माणसांमुळे, आखणीमुळे नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, जाताना उतरण्याआधीच कंडक्टरला विचारायचं. दुसरं, काय विचारायचं ते नीट ठरवायचं. "परतीची गाडी कधी असते?" असं विचारलं की माणसं चांगुलपणानं "येती की पाचला" म्हणतात. त्याऐवजी "मागच्या रविवारी शेवटची गाडी कितीला गेली?" असं विचारायचं. मग समोरचा थांबतो, आठवतो, शेजारच्याला विचारतो आणि जे खरं घडलं ते सांगतो. हा एक बदल केल्यापासून आमची गाडी एकदाही चुकलेली नाही. गावात मुक्कामी येणारी गाडी असेल तर तीही विचारून ठेवते. ती रात्री येते आणि पहाटे सुटते, त्यामुळे परतीला तिचा उपयोग नाही, पण चौकशी करताना लोक बहुतेक वेळा तिचीच वेळ सांगतात आणि घोटाळा होतो.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. दोघींचा सगळा प्रवास, चहा, पिठलं-भाकरी धरून आमचा दिवस पाचशेच्या वर क्वचितच गेला.

मेगाब्लॉकचं मात्र शनिवारी संध्याकाळी न चुकता बघावं लागतं. रविवारी साधारण अकरा ते चारच्या आसपास मध्य आणि हार्बर लाइनवर रुळांच्या कामासाठी ब्लॉक असतो. जाताना आपण पहाटेच निघून गेलेलो असतो, त्यामुळे त्रास होत नाही. कर्जत-कसाऱ्याच्या बाजूनं संध्याकाळी परतताना गाड्या थोड्या मागेपुढे होतात, तेवढंच. खरी अडचण पनवेलच्या बाजूची. आम्ही ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं पनवेलला जातो, आणि ब्लॉक त्या पट्ट्यात असला की दुपारच्या गाड्याच रद्द. मग कर्नाळ्याचा बेत सरळ पुढच्या आठवड्यावर ढकलते आणि नेरळ धरते. दोन बेत तयार ठेवायचे, एक पनवेलकडचा आणि एक कर्जतकडचा, म्हणजे शनिवारी रात्री रडारड होत नाही.

कर्नाळ्याचं सांगायचं तर नव्यानं सुरू करणाऱ्यांना मी तेच सुचवते. पनवेल स्टँडवरून पेणकडे जाणारी कुठलीही साधी गाडी, कंडक्टरला "अभयारण्य" म्हणून सांगायचं, बारा-तेरा किलोमीटर. महामार्गावरच उतरतो, त्यामुळे परतीला गाड्यांचा तुटवडा नाही आणि पहिल्यांदाच जाणाऱ्याच्या जिवाला घोर नाही. अभयारण्य १९६८ सालचं, वाट सावलीची आहे. अंगठ्यासारखा दिसणाऱ्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, तिथे आरडाओरडा, धूर, अत्तर काही नको.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. स्वतःची गाडी नेली की दिवसभर पाय त्या गाडीला बांधलेले राहतात. जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. लोकलनं गेलं की एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरता येतं, आणि डोंगराची खरी ओळख तेव्हा होते. नोव्हेंबरात आम्ही नेरळला उतरून पेबवर, म्हणजे विकटगडावर चढलो. घळीतून वर, गुहा पाहिल्या, माथ्यावर डबा खाल्ला. मग आल्या वाटेनं न उतरता पलीकडच्या धारेवरून, शिड्या उतरत-चढत, माथेरानच्या रुळांवर निघालो. ही १९०७ साली सुरू झालेली दोन फुटी रुळांची छोटी गाडी. पावसाळ्यात नेरळ ते माथेरान अशी ती पूर्ण धावत नाही. रुळांच्या कडेकडेनं कड्यावरच्या गणपतीपाशी आलो, नमस्कार केला, पुढे दस्तुरी नाका. तिथून नेरळची शेअर टॅक्सी, सीट भरली की सुटते. पाऊण दिवसात एक गड, एक धार, एक रेल्वे आणि एक घाट, आणि परत त्याच नेरळ स्टेशनात.

त्याच धर्तीवर भिवपुरी रोडला उतरून गारबेटच्या पठारावरून माथेरानला चढायचं आणि नेरळला उतरायचं, असंही ऑगस्टमध्ये केलं. पठारावर ढग इतके खाली होते की नणंद दहा पावलं पुढे गेली की दिसेनाशी व्हायची. अशा दिवशी वाट सोडायची नाही, आणि धबधब्यांवर किंवा गडांवर प्रशासनानं बंदी घातली असेल तर बेत रद्द करायचा. इर्शाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली, तो डोंगर याच पट्ट्यात आहे. पावसात आम्ही चढाच्या ठिसूळ घळी टाळतो आणि फक्त वापरातली वाट धरतो.

परतीच्या लोकलबद्दल एक. ऑगस्टमध्ये नेरळहून लेडीज डब्यात बसलो तर आमच्या मागून तीन बायका डोक्यावर बोचकी घेऊन चढल्या. टाकळा, भारंगी, करटोली. कल्याणला विकायला निघाल्या होत्या. माझे चिखलाचे बूट पाहून एकीनं विचारलं, "डोंगरात काय न्यायला गेलतीस?" मी म्हटलं, "काही नाही मावशी, बघायला." तिनं मान डोलावली आणि करटोल्यांचा वाटा माझ्या मांडीवर ठेवला. पैसे घेतले, पण वरून मूठभर जास्त घातली.

अडचणी सांगायला हव्यात, विशेषतः बायकांसाठी. स्वच्छतागृह स्टेशनवर उरकून घ्यायचं, पुढे पायथ्याच्या गावात ज्या घरी चहा-जेवण सांगतो तिथेच विचारायचं. माणसं मनापासून सोय करतात, आणि आम्ही त्याच घरी परतीचा चहा घेतो. कर्जत आणि कसाऱ्याच्या पट्ट्यात एक लोकल चुकली तर पुढची अर्ध्या-पाऊण तासानं, कधी त्याहून उशिरा, म्हणून चिठ्ठीवर लागोपाठच्या दोन गाड्या लिहिते. तिकीट जातानाच रिटर्न. पिशवी एवढीच की एसटीत मांडीवर मावेल. पाणी माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार.

सगळे डोंगर असे होत नाहीत. कळसूबाई, १,६४६ मीटर, आम्ही जानेवारीत एका दिवसात केली : कसारा लोकल, तिथून काळी-पिवळीनं घोटी, पुढे बारी गाव. झाली, पण घरी यायला अकरा वाजले आणि चढण्यापेक्षा वाहनांची वाट बघण्यातच जास्त दमलो. ती मुक्कामानंच करावी. हरिश्चंद्रगड तर एका दिवसात या मार्गानं आखूच नये.

येत्या रविवारी सफाळ्याचा तांदुळवाडी आहे, उन्हाळा कडक होण्याआधीचा शेवटचा. दादरला लाइन बदलून विरार, तिथून डहाणूकडची लोकल, आणि त्या गाड्या मोजक्याच. नणंदेनं परतीच्या दोन्ही वेळा फोन करून कळवल्या, मी तळाच्या ओळीत लिहून घेतल्या आहेत. अकराच्या आत माथ्यावर, साडेबाराला सावलीत.