क्रूझ कोचीला लागते तेव्हा टोपी कुठे-कुठे घालतात

नौपाड्यातल्या चौघांनी मुंबई-कोची क्रूझ घेतली. जहाजावरची टूर महाग पडते म्हणून त्यांनी ठाण्यातल्याच एका एजंटाकडून ‘खासगी कोची दर्शन’ घेतलं. माणशी ₹२,८००, चौघांचे ₹११,२००. सगळे पैसे आगाऊ, यूपीआयने, एजंटाच्या वैयक्तिक नंबरवर. पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर एक रंगीत चित्र आलं: कथकलीचा हिरवा चेहरा, मासेमारीची चिनी जाळी, ‘अस्सल स्थानिक संस्कृती, गाइडसह’, आणि खाली एका ड्रायव्हरचा मोबाइल नंबर.

कोचीत ड्रायव्हर बंदराच्या गेटबाहेर उभा होता. गाइड नव्हता. तिकिटं, पार्किंग ‘तुमचं तुम्ही’. ड्रायव्हरला एजंटाकडून मिळणार होते दोन हजार, त्यामुळे बाकीची कमाई त्याने दुकानांवर धरलेली. पहिला थांबा मसाल्याचं दुकान, दुसरा साड्यांचा एम्पोरियम, तिसरा आयुर्वेदिक तेलं. मग यहुदी सिनेगॉग, तर ते बंद, कारण वार शनिवार. कथकली संध्याकाळी सहाला आणि जहाज पाचला सुटणार. दोन तासांहून जास्त वेळ दुकानांत गेला, वर केशर, वेलची आणि एका साडीचे मिळून ₹९,६०० गेले. परत आल्यावर एजंट म्हणाला, ‘ड्रायव्हरने घोळ घातला, आमचा काय दोष?’

यात कुणी पाकीट मारलेलं नाही. प्रत्येक टप्प्यावर थोडं-थोडं खोटं आहे, आणि ते खपतं ते एकाच कारणामुळे: जहाजावरून उतरलेल्या माणसाकडे वेळ नसतो. हा माणूस उद्या भांडायला परत येणार नाही, हे दुकानदारापासून एजंटापर्यंत सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून आधी घड्याळाचा हिशोब करा, पैशांचा नंतर.

जहाज आठला लागलं म्हणजे आठला तुम्ही रस्त्यावर नसता. धक्क्यावरचे सोपस्कार, शिडीवरची रांग, गेटवरची तपासणी धरली की नऊ वाजतातच. पाचला सुटणाऱ्या जहाजावर परत चढण्याची शेवटची वेळ बहुधा साडेचार असते. ती रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली असते आणि खरी वेळ तीच. त्याआधी दीड तास हाताशी ठेवायचा, म्हणजे तीनला परतीच्या वाहनात बसायचं. नऊ ते तीन, सहा तास. जाण्याचा आणि मधल्या प्रवासाचा वेळ वजा करा, हातात उरतात पाच.

इथे एजंटांचं एक ठरलेलं खोटं आहे: ‘आमच्या टूरला उशीर झाला तरी जहाज थांबतं.’ थांबत नाही. जहाज थांबण्याची हमी असते ती फक्त जहाजाने स्वतः विकलेल्या टूरला. बाहेरून घेतलेली टूर, रिक्षा, मित्राची गाडी, सगळं तुमच्या जबाबदारीवर. तुम्ही राहिलात तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या स्थानिक एजंटाचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. क्रूझ कार्ड आणि मूळ ओळखपत्र अंगावर, बॅगेत नव्हे.

मग वार. मट्टांचेरीचा राजवाडा, ज्याला डच पॅलेस म्हणतात, शुक्रवारी बंद असतो. (तो मुळात पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी १६६३ नंतर दुरुस्त केला. आतली रामायणाची भित्तिचित्रं पाहायची तर घाईचे पाऊण तासही कमी पडतात.) १५६८ चं परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद, शुक्रवारी दुपारनंतर बंद, एरवीही मधल्या दुपारी बंद. ठाणेकराला खरं तर हे सांगावं लागू नये. आपल्या टेंभी नाक्याजवळ १८७९ पासून सिनेगॉग उभं आहे, आणि कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणूनच. शब्बाथला सिनेगॉग बघायला जाण्यात अर्थ नाही, आणि ज्या एजंटाने शनिवारच्या कार्यक्रमात ते लिहिलं, त्याने कोची कधी नीट पाहिलेली नाही. कार्यक्रम हातात आला की जहाजाची तारीख, वार आणि ही दोन नावं शेजारी-शेजारी लिहून बघा. एजंट खरा की कागदी, ते दोन मिनिटांत कळतं.

जहाजं लागतात विलिंग्डन बेटावर. फोर्ट कोची तिथून रस्त्याने साधारण दहा किलोमीटर, मट्टांचेरी त्याहून जवळ. गेटबाहेर पडलात की ‘पन्नास रुपयांत अख्खी कोची’ म्हणणारे रिक्षावाले येतात. पन्नासात रिक्षा फिरत नाही, हे घोडबंदर रोडवर रोज मीटर बघणाऱ्याला कळायला हवं. फरक दुकानातून वसूल होतो. ‘काही घेऊ नका, दहा मिनिटं नुसतं बघा, मला पेट्रोलचं कुपन मिळतं’, हे वाक्य ऐकलंत की समजा. दहा मिनिटांची पंचवीस होतात, अशी तीन दुकानं म्हणजे तुमच्या पाच तासांतला सव्वा तास. बसण्याआधीच ठरवायचं: किती तास, कोणत्या जागा, पूर्ण रिक्षाचे किती, थांबण्याचे वेगळे की त्यातच, आणि ‘एकही दुकान नाही’. हे त्याच्याच समोर मोबाइलवर टाइप करून दाखवा. जो नको म्हणेल त्याला सोडून द्या, दुसरा मिळतो. पैसे शेवटी, एकदाच. दुसरा मार्ग वॉटर मेट्रोचा, म्हणजे कोचीच्या बोटसेवेचा. २०२५ मध्ये मट्टांचेरी आणि विलिंग्डन बेट या दोन्ही ठिकाणी तिचे धक्के सुरू झाले, फोर्ट कोचीचा आधीपासून आहे. भाडं ठरलेलं असतं, घासाघीस नसते. फेऱ्यांच्या वेळा मात्र आदल्या दिवशी बघा. एकदा फोर्ट कोचीत पोचलात की चिनी जाळी, १५०३ चं सेंट फ्रान्सिस चर्च, जुन्या वखारींचे रस्ते, हे सगळं पायी होतं. वास्को द गामाला १५२४ मध्ये याच चर्चमध्ये पुरलं होतं, नंतर अवशेष लिस्बनला नेले. एवढी माहिती सांगून शंभर-दोनशे मागणारे ‘गाइड’ दारात असतात. पर्यटन खात्याचं ओळखपत्र मागा, नसेल तर हात जोडा.

आता मसाले. आपली माणसं सर्वांत जास्त फसतात ती इथेच, कारण ‘केरळातून मसाला आणला नाही तर काय आणलं?’ असं घरचे विचारणार असतात. नवी मुंबईकराच्या दारात वाशीच्या एपीएमसीचं मसाला मार्केट आहे. निघण्याआधी तिथे एक चक्कर मारा आणि आठ मिलिमीटरची वेलची, काळी मिरी, दालचिनी, जायपत्री यांचे त्या दिवसाचे भाव लिहून घ्या. पर्यटकांच्या गल्लीतला ‘मळ्यातला थेट भाव’ पुष्कळदा त्याहून जास्त निघतो.

केशर हे केरळचं पीक नव्हे. भारतात ते मुख्यतः काश्मीरचं, त्यामुळे मट्टांचेरीत ‘आमच्या मळ्यातलं केशर’ म्हणणारा पहिल्याच वाक्यात संशयात पडतो. तरी घ्यायचंच असेल तर कोमट पाण्यात दोन काड्या टाकायला लावा. अस्सल केशर सावकाश सोनेरी पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लाल झालं आणि काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली आहे.

वेलचीत दोन प्रकार चालतात. एक म्हणजे तेल काढून घेतलेली वेलची: बोंडं बाहेरून ठीक, पण फोडली की दाणे कोरडे, बोटाला चिकटत नाहीत, वास पुसट. दुसरी म्हणजे हिरवा रंग दिलेली. ओल्या पांढऱ्या रुमालावर चोळा, रुमाल हिरवा झाला तर ठेवून द्या. ताजी वेलची फिकट पोपटी असते, गडद हिरवी चकचकीत नसते. मिरीत पपईच्या बिया मिसळतात: ग्लासभर पाण्यात मूठभर टाका, भरीव मिरी तळाला जाते, बिया तरंगतात. पोचट मिरीही तरंगते, आणि तीही घेण्यात अर्थ नाही, कारण व्यापारात मिरीची प्रत भरीवपणावरच ठरते, लिटरला किती ग्रॅम बसते त्यावर. फार चमकणारी मिरी कागदावर चोळून वास घ्या. रॉकेलसारखा वास आला तर तेल मारलेलं आहे. ‘तेलिचेरी’ ही वेगळी जात नव्हे, आकाराची प्रत आहे, ४.२५ मिलिमीटरच्या वरचे दाणे. छोट्या दाण्यांवर ‘तेलिचेरी’ची चिठ्ठी लावून दुप्पट भाव घेणं सर्रास चालतं. दालचिनी म्हणून जाड, एकाच सालीची नळी दिली तर ती कॅशिया, दालचिनीसारखी दिसणारी दुसरी साल. खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची, चिरुटासारखी गुंडाळलेली आणि हाताने सहज मोडणारी.

आणि एक डोळ्यांदेखत होणारी गोष्ट. समोर चांगला माल तोलतात, मग ‘सीलबंद करून आणतो’ म्हणून आतल्या खोलीत नेतात. बाहेर येतं ते वेगळं पाकीट. सील समोरच करायला लावा, किंवा आधीच बंद पाकीट घ्या, ज्यावर १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख, निव्वळ वजन आणि एमआरपी छापलेली आहे. पाकिटावर ‘स्पाइस गार्डन’ लिहिलंय आणि यातलं एकही नाही, तर परत ठेवा.

कसवू, म्हणजे केरळच्या सोनेरी काठाच्या साडीचं थोडक्यात. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकतात. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांमुळे दोन्ही काठांच्या कडेला बारीक छिद्रांची ओळ राहते, उजेडाकडे धरली की दिसते. शिवाय हँडलूम मार्कचं लेबल मागा. ‘सोन्याची जर’ हा शब्द बिलावर लिहून मागितलात की बहुतेक दुकानांत भाव आपोआप उतरतो.

चिनी जाळ्यांपाशी दोर ओढायला बोलावतात, फोटो काढून देतात, मग पैसे मागतात. ओढायचं असेल तर आकडा आधी ठरवा. तो दोर आणि वरचे बांधलेले धोंडे चार-सहा माणसांचा रोजगार आहेत, ठरलेले पैसे देण्यात काही वावगं नाही. शेजारी मासे मिळतात, समोरची टपरी शिजवून देते. इथे गडबड वजनाची आणि भावाच्या एककाची. बोलताना ‘चारशे’, बिलात चारशे दर नगाला, किंवा वजन बर्फासकट. काटा शून्यावर बघा, मासा पाणी निथळून तोला, शिजवण्याचे वेगळे किती ते आधी विचारा. करीमीन हा तिथला मासा घ्यायचा तर कल्ले लाल आणि डोळा फुगीर आहे का बघा, आपण पापलेट घेताना बघतो तसंच.

कथकलीचे पर्यटकांसाठीचे प्रयोग संध्याकाळी असतात, रंगभूषा साधारण पाचपासून. तांदळाच्या लेपाने चेहऱ्यावर चुट्टी, म्हणजे पांढरी कड, चढवणं हाच निम्मा प्रयोग, तो न बघता नुसता नाच बघण्यात गंमत नाही. पाचला सुटणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला संध्याकाळचं तिकीट विकणारा तुमची वेळ न विचारताच विकतो. पैसे देण्याआधी नाट्यगृहाला स्वतः फोन करा.

गोव्यात प्रकार तोच, फक्त अंतर मोठं. जहाज मुरगावला लागतं. मंगेशी तिथून तीस-पस्तीस किलोमीटर. टॅक्सीवाला सांगतो तो भाव बरेचदा नुसत्या सोडण्याचा असतो, थांबण्याचे आणि परतीचे वेगळे निघतात. ओला-उबर तिथे चालत नाही, टॅक्सीसाठी गोवा माइल्सचं अॅप आधीच फोनवर घेऊन ठेवा.

सिंगापूरहून फुकेतला जाणाऱ्यांना आणखी एक धोका. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. किनाऱ्यावर उतरताच फोन आपोआप मागे जातो, जहाज मात्र बहुधा स्वतःच्याच वेळेवर चालतं. फोनमध्ये साडेतीन म्हणजे जहाजावर साडेचार. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. ‘आज देऊळ बंद आहे, त्याऐवजी रत्नांची दुकानं दाखवतो’ म्हणणाऱ्याचं देऊळ बहुतेक उघडंच असतं. जेट-स्की भाड्याने घेताना पासपोर्ट तारण ठेवू नका, आणि कार्डाने पैसे देताना मशीन ‘रुपयांत की बाहतमध्ये’ विचारेल तेव्हा बाहत निवडा. रुपयांतला दर दुकानदाराच्या बँकेचा असतो.

फसलातच तर दोन रस्ते आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नका. एजंटाने पैसे घेऊन फोन बंद केला, माणूसच गायब, तर ताबडतोब १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन. पैसे अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. एजंट जागेवर आहे, दुकान चालू आहे, पण कबूल केलेलं दिलं नाही, तर ती सेवेतली त्रुटी. त्यासाठी १९१५ ची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे ठाणेकराला केरळात जायची गरज नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

तक्रार टिकते ती कागदावर. नौपाड्यातल्या चौघांकडे ते रंगीत चित्र होतं, पण त्यात ना तारीख, ना तिकिटांचा उल्लेख, ना गाइडची भाषा. पैसे देण्याआधी एजंटाकडून एक मेसेज लिहून घ्या: जहाजाचं नाव, तारीख, गाडीचा प्रकार, किती तास, कोणत्या जागा, तिकिटं कुणाची, दुकानं नाहीत, जहाज चुकलं तर जबाबदारी कुणाची. पैसे फर्मच्या खात्यात, जीएसटी क्रमांकाच्या पावतीवर. आणि व्यवहार ठरताच त्या गप्पांची पूर्ण प्रत ईमेलवर काढून ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवर समोरचा स्वतः पाठवलेले मेसेज काही काळ तुमच्याही फोनवरून पुसू शकतो.