खानापूर ते उद्यमबाग रोज: चार्जिंगची गाडी, जुनी मोटारसायकल, बस की रेल्वे?

"मामा, चार्जिंगची गाडी घेऊ काय?" भाच्याने विचारले तेव्हा मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो. तो राहतो खानापुरात, कामाला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये. येऊन-जाऊन रोज ४५ किलोमीटर. संध्याकाळी दोघे वही घेऊन बसलो आणि आकडे मांडता मांडता माझे उत्तर बदलत गेले. खानापूर, मच्छे, उचगाव, सीमेपलीकडे महाराष्ट्रातले शिनोळी, इथून रोज बेळगावात येणाऱ्या पुष्कळांपुढे हाच प्रश्न आहे. म्हणून तो हिशेब इथे मांडतो.

पेट्रोल आणि बॅटरी

महिन्याला २५ दिवस धरले तर सव्वा अकराशे किलोमीटर होतात. त्याची सात वर्षांची मोटारसायकल लिटरला ५५ देते. पेट्रोल १०३ रुपये धरले तर महिन्याला साधारण २,१०० रुपये. बॅटरीची स्कूटर तेवढ्याच अंतराला प्लगमधून सुमारे ४२ युनिट घेते. कर वगैरे धरून युनिटला ७ रुपये लावले तरी ३०० रुपये. म्हणजे महिन्याला १,८०० रुपयांची बचत, ऑइल बदलणे वाचते ते वेगळे.

शोरूममध्ये हा हिशेब इथेच थांबवतात. पुढचा प्रश्न विचारायला हवा: तुलना कशाशी? नवी पेट्रोल गाडी घ्यायचीच असेल आणि बॅटरीची गाडी तिच्यापेक्षा ३५ हजारांनी महाग पडत असेल, तर वीस महिन्यांत फरक भरून निघतो. अशा माणसाने दुसरा विचार करू नये, बॅटरीचीच घ्यावी. पण भाच्याची गाडी अजून ठणठणीत आहे. ती २५ हजारांना विकून १ लाख २० हजारांची घ्यायची, म्हणजे खिशातून ९५ हजार जाणार. १,८०० च्या बचतीने ते फिटायला साडेचार वर्षे लागतील, आणि कर्ज काढले तर व्याज धरून त्याहून जास्त.

रोजचे अंतर कमी असेल तर गणित आणखी बिघडते. बेळगाव शहरातच टिळकवाडीत राहून दिवसाला १० किलोमीटर फिरणाऱ्याचे महिन्याला जेमतेम ४०० रुपये वाचतात. नव्या गाड्यांमधला ३५ हजारांचा फरक भरून यायला त्याला सात वर्षे लागतील. बॅटरीची गाडी ही शहरात थोडे फिरणाऱ्याची गाडी, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. पैशाच्या हिशेबात ती जास्त पळणाऱ्याची गाडी आहे.

वॉरंटीचा कागदही नीट वाचा. ती वर्षांत आणि किलोमीटरमध्ये, दोन्हींत लिहिलेली असते आणि जे आधी संपेल ते लागू होते. भाच्याची गाडी नुसती कामावर जाऊन वर्षाला साडेतेरा हजार पळेल. ८ वर्षे किंवा ८० हजार किलोमीटर असे लिहिले असेल, तर त्याच्यासाठी ती सहा वर्षांचीच वॉरंटी आहे.

अनुदानाच्या आशेवर तर बसूच नका. केंद्राचे अनुदान २०२१ मध्ये बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासाला, म्हणजे युनिटला, १५,००० रुपये होते. जून २०२३ मध्ये ते १०,००० झाले, एप्रिल २०२४ मध्ये ५,०००, आणि २०२५-२६ साठी २,५००. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बॅटरीच्या गाडीला तो आधीपासून ५ टक्केच आहे. दोन्ही बाजूंनी बॅटरीच्या गाडीचा फायदा कमी झाला. म्हणून पाच वर्षांपूर्वी कोणा पाहुण्याने सांगितलेला फायदा आज तसाच धरता येत नाही.

हेस्कॉमचे, म्हणजे वीज कंपनीचे बिल

ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही, आणि आपल्या भागात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात मोफत मिळते ती त्या घराच्या २०२२-२३ मधल्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून. सरासरी ४८ युनिटपेक्षा कमी असलेल्यांना २०२४ पासून १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट जादा मिळतात. हक्कापेक्षा जास्त वापरले तर वरच्या युनिटचे पैसे भरायचे. आणि २०० च्या पुढे गेले की पूर्ण बिल.

आता स्कूटरचे ४२ युनिट त्यात घाला. घराची सरासरी ८० असेल तर ८८ मोफत, वापर १२२, म्हणजे ३४ युनिटचे अडीचशेच्या आत पैसे. ठीक आहे. पण सरासरी १६५ असलेल्या घरात स्कूटर आली की वापर २०७ वर जातो आणि आतापर्यंत शून्य येणारे बिल साडेचौदाशेच्या घरात जाते. पेट्रोलचे २,१०० वाचले आणि विजेचे १,४५० वाढले, तर हाती साडेसहाशे उरतात. गाडीसाठी ९५ हजार घालून महिन्याला साडेसहाशे वाचवणे याला माझे मन तयार होत नाही. गाडी बघायला जाण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवा, आणि १५० च्या पुढे वापर असेल तर आधी तो कमी करता येतो का ते पाहा.

शिनोळीकडच्यांना, म्हणजे चंदगड तालुक्यात राहणाऱ्यांना, हा सगळा हिशेब वेगळा लागतो. तिथे महावितरणचे मीटर, गृहज्योती नाही, आणि १०० युनिटच्या पुढचा टप्पा पहिल्या टप्प्यापेक्षा बराच महाग.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यासाठी आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. जांबोटी, कणकुंबी भागात पावसाळ्यात झाडे तारांवर पडतात आणि वीज तासन्‌तास जाते. पहाटे सहाला निघणाऱ्याची गाडी रात्री चार्ज झाली नाही, तर त्याचा त्या दिवसाचा पगार जातो. त्या गावांत घरात दुसरे वाहन नसेल तर बॅटरीच्या गाडीवर एकट्याने विसंबू नये.

बस

बसचा हिशेब घरात कोण जाणार यावर ठरतो. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये मोफत प्रवास आहे. बहीण किंवा बायको बेळगावात शिकवणीला, दुकानात, दवाखान्यात कामाला जात असेल, तर तिच्यासाठी दुसरी गाडी घेण्याआधी दहा वेळा विचार करा. खानापूरहून येणाऱ्या बाईचे महिन्याचे दीड-दोन हजार ही योजना वाचवते, आणि वर्षभराचे धरले तर दुचाकीच्या २०२५-२६ च्या अनुदानापेक्षा ते जास्त आहे. गाडीवरचे अनुदान एकदाच मिळते, तेही गाडी घेण्याची ऐपत असलेल्याला. शून्य तिकिटाचा फायदा रोज होतो. त्या प्रत्येक तिकिटाची रक्कम सरकारने परिवहन मंडळाला द्यायची असते, आणि जुलै २०२५ पर्यंत अशी ५०० कोटी तिकिटे झाली.

पुरुषाला मात्र तिकीट आहे. जानेवारी २०२५ पासून कर्नाटकाने भाडे १५ टक्क्यांनी वाढवले. एका फेरीचे ४० रुपये धरले तर ५० फेऱ्यांचे २,०००, म्हणजे मोटारसायकलच्या पेट्रोलइतकेच. पास काढला तर कमी. खरी अडचण पैशांची नाही, वेळेची आहे. सकाळच्या शिफ्टला आणि शाळा-कॉलेजच्या वेळेला बस आधीच भरून येते. मधल्या थांब्यांवरची पोरे दारात लोंबकळतात, ते पाहून जीव वरखाली होतो. हुबळी-धारवाडमध्ये साधारण २२ किलोमीटरच्या मार्गावर चिगरी नावाच्या जलद बस स्वतंत्र मार्गिकेतून धावतात. खानापूर-बेळगाव अंतर त्याहून फार जास्त नाही. स्वतंत्र मार्गिका राहू दे, सकाळी सहा ते नऊ दर दहा मिनिटांनी एक बस मिळाली तरी निम्म्या लोकांना गाडीचा प्रश्न पडणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

सीमेपलीकडून येणाऱ्यांचे हाल वेगळे. शक्ती योजनेला कर्नाटकातला पत्ता लागतो. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. शिनोळीची बाई आणि उचगावची बाई बेळगावच्या एकाच बाजारात येतात. एकीला पूर्ण तिकीट पडते, दुसरीला शून्य. शिवाय सीमेचा किंवा भाषेचा वाद पेटला की दोन राज्यांमधली बस बंद. डिसेंबर २०२२ मध्ये झाल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा झाल्या. हद्द ओलांडून रोज कामाला येणाऱ्याकडे स्वतःची दुचाकी असावी लागते, ती या कारणाने.

आणि कोल्हापुरातून एमएच-०९ ची गाडी आणून खानापुरात वापरायचा बेत असेल तर तो सोडा. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे पुन्हा नोंदणी करावी लागते.

रेल्वे

पैशात रेल्वेला तोड नाही. पॅसेंजरचे किमान भाडे कोरोनाकाळात ३० रुपये झाले होते, ते २०२४ मध्ये पुन्हा १० वर आले. महिन्याचा पास काढला तर बसच्या निम्म्याहूनही कमी खर्च येतो. खानापूर, इदलहोंड, देसूर, बेळगाव असा सरळ मार्ग आहे आणि पावसात भिजायला होत नाही. पण गाड्या मोजक्या, आणि बेळगाव स्टेशनवरून उद्यमबागला यायचे म्हणजे पुन्हा रिक्षा. ज्याचे काम कॅम्पात किंवा स्टेशनच्या आसपास आहे आणि दहाला हजर झाले तरी चालते, त्याने आधी वेळापत्रक पाहावे, मग गाडीचे शोरूम. वंदे भारत इथून जाते ती आनंदाची गोष्ट, पण रोजच्या कामगाराला तिचा उपयोग नाही.

भाच्याने काय ठरवले

जुनी मोटारसायकल आत्ता विकायची नाही. जून ते सप्टेंबर बसचा पास. चारपदरी रस्त्यावर धो धो पावसात ट्रकच्या बाजूने दुचाकी हाकण्यात पैसे वाचत असले तरी त्याच्या आईला झोप लागत नाही, आणि तेही हिशेबात धरायला हवे. घराची विजेची सरासरी ७० आहे, म्हणजे बिलाची भीती नाही.

धाकटा पुढच्या वर्षी आयटीआय संपवून मच्छेला कामाला लागेल. मच्छे वाटेवरच आहे. तेव्हा जुनी विकून दोघांसाठी मिळून एक बॅटरीची गाडी घ्यायची, एकाच शिफ्टला जायचे. एका गाडीवर दोघे गेले की दुसऱ्याचे तिकीट किंवा पेट्रोल पूर्ण वाचते, आणि साडेचार वर्षांचा हिशेब सव्वादोन वर्षांच्या आसपास येतो. वहीच्या त्या पानावर त्याने पाडव्याची तारीख लिहून ठेवली आहे.