कंपन चाचणी यंत्राच्या नावाखाली ७,२२,१६० रुपयांची फसवणूक

भोसरी एमआयडीसीत आमचा वाहनांचे ब्रॅकेट बनवण्याचा लहान कारखाना आहे. चाकणच्या एका ग्राहकाने नव्या भागासाठी १० ते २०० हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपने) आणि कमाल १० जी (गुरुत्वाकर्षणाच्या दहापट प्रवेग) अशा कंपन चाचणीचे अहवाल मागितले, तेव्हा दरवेळी बाहेरच्या प्रयोगशाळेत नंबर लावण्यापेक्षा स्वतःचेच यंत्र बांधून घ्यावे असे आम्ही ठरवले. विद्युतचुंबकीय शेकर (विजेच्या चुंबकाने टेबल हलवणारे महागडे यंत्र) आम्हाला परवडणारा नाही हे ओळखूनच यंत्रे बांधून विकणाऱ्या एका गृहस्थाने ‘तेच काम करणारे यांत्रिक यंत्र’ ६,८०,००० रुपयांत, म्हणजे जीएसटीसह ८,०२,४०० रुपयांत, बांधून देण्याची तयारी दाखवली. ऑर्डरसोबत ४,०१,२०० आणि माल निघण्यापूर्वी ३,२०,९६० रुपये त्याने घेतले. पुढचे सारे नेहमीच्याच वळणाने गेले, त्यामुळे ते सांगत बसत नाही.

सांगायचे आहे ते प्रात्यक्षिकाबद्दल. मोटरच्या पट्ट्याने फिरणाऱ्या शाफ्टवर एका बाजूला जड केलेले चाक, वर स्प्रिंगांवर टेबल आणि शेजारी पॅनेल. पॅनेलवर २०० हर्ट्झ, १० जी असे आकडे झळकत होते आणि त्याच वेळी टेबलाच्या कडेला कोणीतरी विसरलेला एम-८ चा सुटा नट जागच्या जागी स्वस्थ पडून होता. उभ्या दिशेने हलणाऱ्या टेबलाचा प्रवेग १ जीच्या वर गेला की त्यावरची सुटी वस्तू उडू लागते. १० जीला तो नट ताडताड नाचायला हवा होता. मी तो पाहिला, विचारलेही. त्यावर उत्तर मिळाले, “साहेब, इतक्या वारंवारतेला हालचाल डोळ्यांना दिसतच नाही.” यातले अर्धे खरे आहे, कारण २०० हर्ट्झला १० जीसाठी मध्यबिंदूपासून जेमतेम ०.०६ मिलिमीटर हालचाल पुरते. अशा अर्धसत्यापुढे जाणता माणूसही गप्प बसतो. मोटरच्या नेमप्लेटवर १४४० आरपीएम लिहिले होते आणि पुल्या समान मापाच्या होत्या. म्हणजे टेबल सेकंदाला २४ वेळा हलणार. ड्राइव्हने (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणाने) वेग दुप्पट केला तरी ४८ हर्ट्झ, आणि २०० हर्ट्झसाठी १२,००० आरपीएम लागतात. हा गुणाकार आज तोंडपाठ आहे. त्या दिवशी ग्राहकाची मुदत डोक्यावर होती आणि समोरचा माणूस अभियंत्याच्या भाषेत बोलत होता.

यंत्र आल्यावर भाड्याचा अ‍ॅक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर) लावला, तर २४ हर्ट्झला ०.७ जी. पॅनेल उघडले तेव्हा कळले की सेन्सरची केबल कशालाच जोडलेली नाही आणि आकडे ड्राइव्हच्या खटक्यावरून दाखवले जातात. तेव्हा सेन्सर आपला लावा, तोही टेबलावर नव्हे, तर फिक्स्चरवर (भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) भागाजवळ. कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्रावर एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) चिन्ह होते, पण त्या क्रमांकाची प्रयोगशाळा लांबीच्या मोजमापासाठी मान्यताप्राप्त निघाली. मान्यतेची व्याप्ती संकेतस्थळावर फुकट पाहता येते, ती पाहाच. विक्रेत्याने जीएसटी विवरणपत्रे भरली आहेत का, हेही पोर्टलवर कोणालाही दिसते. आमच्या विक्रेत्याने ती भरलीच नव्हती, त्यामुळे १,२२,४०० रुपयांचे इनपुट क्रेडिटही (खरेदीवरच्या कराची वजावट) अडकले.

आता दाद मागण्याची कथा. पोलिसांनी अर्ज वाचण्याआधीच ‘दिवाणी बाब’ असा शिक्का मारला. खोटा आकडा दाखवणारे पॅनेल मुद्दाम बनवणे ही निव्वळ करारातली कुचराई कशी, हे मला कोणी समजावले नाही, आणि भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीबद्दलचे कलम ३१८ मीच त्यांना वाचून दाखवल्यावर ‘साहेब राउंडवर आहेत’ असे सांगण्यात आले. ग्राहक आयोगात गेलो, तर २०१९ च्या कायद्यानुसार व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचे समाधान पोर्टल उघडले, तर ते विकणाऱ्याची थकबाकी वसूल करण्यासाठी आहे. विकत घेऊन बुडालेल्या लघुउद्योजकाला तिथे रकानाच नाही. उरले व्यापारी न्यायालय. तिथे तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज करणे सक्तीचे आहे. तो केला, शुल्क भरले, आणि समोरच्याला पाठवलेली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ या शेऱ्यासह परत आली. ज्या पोलिसांनी निदान त्याचे बँक खाते गोठवायला हवे होते, त्यांनी मलाच त्याचा नवा पत्ता शोधून आणायला सांगितले.

ऑर्डरमध्ये वारंवारतेची मर्यादा, प्रवेग आणि टेबलावर ठेवायच्या भागाचे वजन हे तिन्ही आकडे एकत्र लिहून घ्या, आणि मोठा हप्ता स्वतःच्या सेन्सरवर ते आकडे दिसल्यावरच द्या. आमच्या ऑर्डरमध्ये वजनाचा रकाना कोरा होता, ज्याचा आधार घेऊन तो आजही ‘तुमचा भागच जड आहे’ असे म्हणतो. होय, म्हणतो; कारण पोलिसांना न सापडणारा हा गृहस्थ उरलेले ८०,२४० रुपये मागण्यासाठी मला त्याच जुन्या क्रमांकावरून नियमित संदेश पाठवत असतो.