दार लावायचं की उघडायचं? नागपूर आणि रत्नागिरीत थंड घर बांधताना

माझं माहेर रत्नागिरीजवळच्या गावातलं आणि सासर नागपूरचं. मे महिन्यात सासरी सकाळचे नऊ वाजले की सासूबाईंची हाक येते, "दार लाव गं, झळ येते आत." त्याच सुट्टीत माहेरी पोचले की आई म्हणते, "दार उघडं ठेव गं, जीव घुसमटतो." घरांचे आराखडे करणं हा माझा रोजचा व्यवसाय. इतक्या वर्षांत मला एवढं पटलंय की दोघी अगदी बरोबर बोलतात, आणि घराला इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, किती, कुठे आणि कसला हवा याचं बरंचसं उत्तर या दोन वाक्यांत आहे.

घर बांधायला निघालेली मंडळी आता इन्सुलेशनबद्दल आवर्जून विचारतात, याचा मला फार आनंद होतो. अडचण एवढीच की त्यांच्या मोबाइलमधली चित्रं बहुतेक थंड देशांतली असतात. माझा मामेभाऊ जर्मनीत राहतो. त्याच्या घराच्या भिंतीत वीतभरापेक्षा जाड इन्सुलेशन आहे, खिडक्यांना तीन काचा आहेत आणि फटी जवळपास नाहीतच. पॅसिव्ह हाउस नावाची ही पद्धत १९९१ साली डार्मस्टाट शहरात बांधलेल्या पहिल्या घरापासून सुरू झाली. अशा घराला ऊब राखायला चौरस मीटरमागे वर्षाला फक्त १५ युनिट ऊर्जा लागावी, असा तिचा दंडक आहे. तिथे बाहेर उणे दहा आणि आत वीस अंश, म्हणजे तीस अंशांचा फरक, आणि थंडीचे दिवस महिनोन्‌महिने. भिंतीतून जाणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाहते, म्हणून तिथे जाड भिंतीचा पैसा वसूल होतो.

आता आपल्याकडे बघा. नागपुरात मे महिन्यात दुपारी ४२-४३ अंश असतात, पहाटे पारा २८ च्या आसपास उतरतो. आत २७-२८ हवे असतील, तर फरक पंधरा अंशांचा, तोही दिवसातले काही तास. रत्नागिरीत दुपारी ३३, पहाटे २६. हवेतला फरक पाच-सहा अंशांचा. तिथे त्रास तापमानापेक्षा दमटपणाचा असतो, आणि दमटपणा भिंतीच्या इन्सुलेशनने अडत नाही. घाम वाळवायला वाराच लागतो.

छप्पर: दोन्हीकडे पहिला खर्च इथेच

एका गोष्टीत मात्र दोन्ही गावं सारखी आहेत. शून्य सावलीचा दिवस रत्नागिरीत मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, नागपुरात शेवटच्या आठवड्यात, अगदी नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो त्या सुमाराला. ऐन उन्हाळ्यात सूर्य थेट डोक्यावर, म्हणजे सगळ्यात जास्त ऊन भिंतींवर नाही, छपरावर पडतं.

नागपूरच्या घरी मेमध्ये रात्री दहा वाजता मी स्टुलावर चढून वरच्या मजल्याच्या स्लॅबला खालून हात लावला होता. उतरवून तासभर झालेल्या तव्यासारखी ती कोमट होती, आणि ती ऊब पहाटेपर्यंत खाली झिरपत राहिली. हिशोब करून बघू. सहा इंची उघडी स्लॅब, वरचा पृष्ठभाग ६० अंशांना तापलेला, आत ३० अंश. दर चौरस मीटरमागे साधारण ११० वॅट उष्णता खाली येते. १०० चौरस मीटरच्या स्लॅबमधून ११ किलोवॅट, म्हणजे तीन टनांहून जास्त एसीचं काम. त्याच स्लॅबवर दोन इंची एक्सपीएस (दाट फोमची) शीट घातली की हा आकडा दीड किलोवॅटवर येतो, अर्धा टनसुद्धा नाही. प्रत्यक्षात स्लॅब तापायला वेळ घेते, त्यामुळे उष्णतेचा हा लोंढा दुपारऐवजी संध्याकाळी आणि रात्री जाणवतो. पण प्रमाण असंच राहतं. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीची केंद्र सरकारची इको निवास संहिता २०१८ सालची. तिने छपरासाठी उष्णता वहनाची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट ठेवली आहे. उघडी स्लॅब त्याच्या जवळपासही येत नाही, दोन इंची शीट लावलेली स्लॅब आरामात पास होते.

नागपुरात शीट स्लॅबच्या वर घाला, खाली नको. वर घातली तर स्लॅब उन्हापासून वाचते आणि आतल्या बाजूने तिचं वजन थंडावा धरून ठेवतं. खाली लावली तर स्लॅब तापतच राहते, फुगते-आक्रसते आणि कोब्याला भेगा पडतात. क्रम असा: स्लॅब, वॉटरप्रूफिंग, शीट, त्यावर कोबा आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). एवढं बजेट नसेल तर दर मार्चमध्ये चुन्यात थोडं फेविकॉल कालवून दोन हात मारा. याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. पांढऱ्या गच्चीवरून बहुतेक ऊन परत फेकलं जातं. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी खास कूल रूफ धोरणच आणलं. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट असेल, तर सोसायटीकडे आधी चुन्याचाच विषय काढा.

हाच चुना रत्नागिरीत मारला तर एका पावसाळ्यात शेवाळाने काळा पडतो. तिथे मी दुसराच उपाय सुचवते आणि तो कोकणात आधीपासून डोळ्यांसमोर आहे. गळती थांबवायला लोक स्लॅबवर पत्र्याची शेड टाकतात. तिच्या बाजू मोकळ्या ठेवल्या आणि मध्ये माणूस वाकून जाईल एवढी पोकळी राखली, की तीच शेड स्लॅबची छत्री होते: ऊन पत्र्यावर, गरम हवा बाजूने बाहेर, स्लॅब सावलीत. बाजू विटांनी बंद करून त्याची खोली केलीत तर हा फायदा गेला. नवीनच बांधत असाल आणि जमत असेल तर मंगलोरी कौलं, खाली माळा, आणि आढ्याजवळ हवा बाहेर पडायला वाट. आमच्या जुन्या घरात हेच होतं. माळ्यावर दुपारी उभं राहवत नसे, खाली माजघरात मात्र गारवा असे.

भिंती: इथे वाटा वेगळ्या होतात

दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत उष्णता सोडते साधारण २ वॅटच्या हिशोबाने, दर चौरस मीटरला, दर अंशाला. आठ इंची एएसी ब्लॉकची (बारीक बुडबुड्यांच्या हलक्या सिमेंट ब्लॉकची) भिंत पाऊण वॅटच्या आसपास. कागदावर ब्लॉक सरळ जिंकतो. पण कागदावर बाकीच्या गोष्टी येत नाहीत.

नागपुरात मी पश्चिम आणि पूर्व भिंती एएसी ब्लॉकच्या करायला सांगते. या दोन दिशांचं ऊन तिरकं असतं, छज्जाने अडत नाही. विटांच्या भिंतीत उष्णता आरपार यायला सहा-सात तास लागतात. दुपारी चारला तापलेली पश्चिम भिंत रात्री दहा-अकराला, नेमकी झोपायच्या वेळी, आत भट्टी लावते. आराखड्यातच पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, कोठीघर टाकलं तर निम्मं काम फुकटात होतं. दक्षिणेची आणि उत्तरेची भिंत विटांची राहिली तरी चालते, आतल्या भिंती तर विटांच्याच असाव्यात, कारण रात्री खिडक्या उघडल्यावर गारवा साठवायला जड वस्तुमान लागतं. ब्लॉक नको असतील तर विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडणारी रॅट-ट्रॅप बांधणी आहे. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती रुजवली. विटा सुमारे पाव भाग कमी लागतात आणि पोकळीतली हवा इन्सुलेशनचं काम करते. फक्त ही बांधणी येणारा गवंडी आधी शोधा, मग ठरवा.

रत्नागिरीत भिंतींच्या इन्सुलेशनवर मी पैसे घालवू देत नाही. जांभ्याचा चिरा गावातच मिळतो, गवंड्याच्या हातात बसलेला असतो. भिंतीवर ऊन पडूच दिलं नाही की झालं: चारही बाजूंनी पडवी, नाहीतर निदान तीन फुटी पाखं, म्हणजे भिंतीबाहेर आलेलं छप्पर. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे, आणि तो सरळ पडत नाही, झड लागते. एएसी ब्लॉक पाणी पितो; सांध्यात बारीक भेग गेली की प्लास्टरमागून ओल पसरत जाते आणि भिंत दिवाळीपर्यंत सुकत नाही. ब्लॉक वाईट आहे असं नाही. उघड्यावर, पाख्याशिवाय तो कोकणात लावू नये, एवढंच.

माझ्या भावाच्या घरात जे झालं ते सांगते, म्हणजे इतरांचं टळेल. जुनं कौलारू घर पाडून त्याने स्लॅबचं घर बांधलं. कंत्राटदाराच्या सल्ल्याने निजायच्या खोलीत स्लॅबखाली ग्लासवूलची गादी आणि जिप्समचं फॉल्स सीलिंग केलं, एसी लावला. दुसऱ्या पावसाळ्यात छताला आधी पिवळे, मग काळे ठिपके आले. वहिनीने कपाटातली पैठणी काढली तर घडीवर बुरशीची राख. कारण साधं होतं. जुलैत तिथली हवा इतकी दमट असते की २५ अंशांच्या आसपासच तिच्यातून पाणी सुटायला लागतं. एसी २४ वर, वाऱ्याच्या झोताखालचा जिप्सम त्याहून गार. दिव्यांच्या भोकांतून दमट हवा वर शिरत राहिली आणि गार पत्र्यावर दव धरावं तसं पाणी गादीत साठत गेलं. तुम्हाला एसीची एखादी खोली हवीच असेल, तर तेवढ्या खोलीवर स्लॅबच्या वरून एक्सपीएससारखी पाणी न पिणारी शीट घाला, खाली फॉल्स सीलिंग लावू नका आणि ग्लासवूलच्या वाटेला जाऊ नका.

खिडक्या आणि वारा

मला सगळ्यात जास्त हळहळ खिडक्यांबद्दल वाटते, कारण चूक एकदा झाली की दुरुस्त होत नाही. इको निवास संहितेनुसार उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र उष्ण-दमट भागात चटई क्षेत्राच्या १६.६६ टक्के हवं. नागपूर ज्या संमिश्र हवामानात मोडतं तिथे १२.५ टक्के पुरतात, आणि सोलापूरसारख्या उष्ण-कोरड्या भागात १० टक्के. म्हणजे ८० चौरस मीटरच्या घराला रत्नागिरीत सव्वातेरा चौरस मीटर उघडझाप हवी, नागपुरात दहा.

इथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या घात करतात. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. सहा फुटी खिडकीचे पैसे भरून तीन फूट वारा मिळतो. कोकणात बिजागरीच्या पल्ल्यांचाच आग्रह धरा, जवळजवळ पूर्ण उघडतात. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या हव्यात आणि आतल्या दारांवर झरोके. आत आलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट नसेल तर तो आत येतच नाही. वर पाखं एवढं हवं की पाऊस लागला तरी खिडकी उघडी ठेवता येईल, नाहीतर चार महिने सगळं बंद आणि घरभर कुबट वास.

नागपुरात खिडकीचं काम दुहेरी आहे. सकाळी नऊ ते रात्री साधारण नऊ घट्ट बंद, मग पहाटेपर्यंत सताड उघडी. म्हणून खिडकी थोडी लहान चालेल, पण ती नीट मिटली पाहिजे. रबराची पट्टी, दाराखालचा ब्रश, बाहेरून सावली, आणि रात्री निर्धास्त झोपता येईल असं गज-जाळीचं संरक्षण. डासांच्या भीतीने रात्री खिडकी बंद राहिली तर दिवसभराचं गणित फुकट जातं.

आणि कूलर. ४३ अंशांच्या कोरड्या हवेला चांगला कूलर २८ च्या आसपास आणतो, एसीच्या मानाने अगदी थोड्या विजेत. पण त्याला समोरची खिडकी उघडी लागते, हे नागपूरकरांना सांगायला नको. तेव्हा फटीसुद्धा न ठेवणारं जर्मन पद्धतीचं घर आणि कूलर एकत्र नांदत नाहीत. आधी ठरवा: उन्हाळा कूलरवर काढायचा की एसीवर? कूलरवर काढायचा असेल तर छप्पर आणि पश्चिम भिंत एवढ्यावरच थांबा, तीन काचांच्या खिडक्यांचा विचार सोडा. एसीवर काढायचा असेल तर फटी बुजवण्यात आणि दुहेरी काचेत अर्थ आहे. शिवाय पावसाळ्यात नागपूरही दमट होतं, कूलर नुसती चिकचिक वाढवतो. ते दोन-तीन महिने समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखाच कामाला येतात. रत्नागिरीत कूलर घेऊच नका, आधीच भिजलेल्या हवेत तो आणखी पाणी घालतो. त्या पैशात बीएलडीसी पंखे घ्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, हा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो.

पैसा मोजकाच असेल तर माझा क्रम सांगते. नागपुरात आधी छपराची शीट, मग पश्चिमेची भिंत, मग खिडक्यांच्या पट्ट्या, काच सगळ्यात शेवटी. रत्नागिरीत आधी पाखं आणि पडवी, मग बिजागरीच्या खिडक्या, मग स्लॅबवरची मोकळी शेड. शेड आत्ता परवडत नसेल, तर निदान स्लॅब ओततानाच खांबांच्या सळया वर पुरेशा लांब सोडायला सांगा आणि त्यांना गंज लागू नये म्हणून त्या पूर्ण झाकतील असं कमी सिमेंटचं काँक्रीट चढवून ठेवा. पुढे शेड उभारताना स्लॅब फोडावी लागत नाही.